शंका-समाधान : पोळा ते दिवाळी, जनावरं सांभाळताना

पोळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ पशुवैद्यकाला सुट्टीचा नसतो. या वेळी आलेल्या पत्रांत घाटावरची आहेत, घाटाखालचीही आहेत. बैलांची जास्त, त्याखालोखाल कुत्र्यांची, आणि एक राघूचं. हयगयीमुळे आजारी पडलेलं जनावर यांत क्वचितच सापडतं. बहुतेकांना त्रास झाला तो कौतुकाचा: जादा घासाचा, रंगाचा, नव्या वेसणीचा, सजवून गर्दीत नेण्याचा. म्हणून उत्तरं थोडी स्पष्ट दिली आहेत, राग मानू नये.

एक शेतकरी, मोताळा तालुका : डॉक्टरसाहेब, पोयाच्या दिवशी आमी दोन्ही बैलाईले पुरनपोया चारल्या. ओवाळाले जे आले त्याईनंही चारल्या. दुसऱ्या दिवशी एका बैलानं रवंथ सोडला. शेण पातळ, आंबूस वासाचं, अन् पाय लटपटत होते. डॉक्टरनं सलाईन लावलं, बैल वाचला. पुढल्या पोयाले पुरनपोई चाराव का नाई?

चारा, पण हात आखडून. बैलाच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरच्या वरचा असतो आणि त्यातले जंतू कडबा, कुटार, गवत सावकाश आंबवायला सरावलेले असतात. त्यांच्यावर एकदम कणीक, डाळ आणि गूळ येऊन पडला की वेगळेच जंतू माजतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. पोटाचा सामू एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो, तो साडेपाचाच्या खाली जातो. मग अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, रक्त दाटतं, डोळे खोल जातात, पाय लटपटतात. हे सगळं व्हायला बारा ते छत्तीस तास लागतात. म्हणजे पोळ्याच्या संध्याकाळी बैल ठणठणीत दिसतो आणि करीच्या दिवशी, घरात मटणाची गडबड असताना आणि बैलांना सुट्टी म्हणून कोठ्याकडे कोणी फिरकत नसताना, तो आडवा होतो. तुमच्याकडे कोणाचं तरी लक्ष गेलं, म्हणून बैल वाचला.

एका बैलाला दिवसभरात एक-दोन पोळ्या पुरे. त्याही आधी कडबा खाऊन पोट भरल्यावर द्या. अडचण घरच्या पोळ्यांची नसतेच. दहा घरचे ओवाळायला येतात आणि प्रत्येकाला आपल्या हातचा घास बैलाच्या तोंडात गेलेला पाहायचा असतो. दाराशी एक टोपली ठेवा. येणाऱ्याने तुकडाभर चारावा, बाकीचा नैवेद्य टोपलीत टाकावा. कोणी रुसत नाही, मी पाहिलं आहे.

बैलाने रवंथ सोडला आणि पोट जड वाटलं, तर डॉक्टर येईपर्यंत मोठ्या बैलाला शंभर ते दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा लिटरभर कोमट पाण्यात कालवून थोडा थोडा पाजता येतो. पाजताना मान पाठीच्या रेषेवर उचलू नका आणि जीभ धरून ओढू नका, औषध फुफ्फुसात जातं. उभं राहता येत नसेल, मान टाकली असेल, तर तोंडाने काहीच घालू नका. दोन दिवस ढेप, धान्य, कणीक बंद, नुसता कडबा. पोट डावीकडे नगाऱ्यासारखं फुगलं असेल तर तो तातडीचा प्रसंग समजा. रॉकेल पाजणं, शेपटी पिरगाळून पळवणं, गावातल्या कोणीतरी सुई खुपसणं यांतलं काहीही करू नका.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण पोळ्याच्या पोळ्यांपेक्षा मला जास्त धास्ती दसरा-दिवाळीच्या सोयाबीनची वाटते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात याच दिवसांत सोंगणी होते, शेतात सुड्या लागतात, मळणीचा हडंबा येतो आणि अंगणात दाण्याची रास पडते. घरातली माणसं बाजाराला, पाहुण्यांकडे. रात्रीतून एखादं जनावर दावं तोडतं आणि पहाटेपर्यंत राशीवर उभं असतं. सोयाबीन पोटात फुगतं, त्यातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो, रक्तात चढतो आणि जनावर थरथरायला लागतं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं. त्यामुळे युरिया शिंपडलेला चारा आणि कच्चं सोयाबीन एकाच दिवशी पोटात गेलं तर अमोनिया फार झपाट्याने सुटतो. मका, ज्वारी, गहू यांच्या राशीवरही जनावर मरतं, ते वर सांगितलेल्या आम्लाने.

अशा वेळी ‘अजून तर चांगलं दिसतंय’ म्हणून थांबू नका. पहिले सहा-आठ तास हातचे असतात. जनावर राशीवरून काढा, बांधा, पोटभर पाणी पिऊ देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करताना अंदाजे किती खाल्लं आणि किती वाजता खाल्लं हे सांगा. फार खाल्लं असेल तर डाव्या कुशीतून पोट उघडून दाणा बाहेर काढावा लागतो. ही शस्त्रक्रिया वेळेत झाली तर जनावर उठतं. मोठ्या प्रकरणात अकोल्याच्या पशुवैद्यक पदव्युत्तर संस्थेचा आधार आपल्या भागाला आहे, पण तिथवर नेण्याएवढं बळ जनावरात शिल्लक असलं पाहिजे. सुडीपाशी रात्री झोपायला माणूस ठेवता, तो चोरासाठी. त्याच माणसाला झोपण्याआधी दावणीची प्रत्येक गाठ चाचपायला सांगा.

एक शेतकरी, चिखली तालुका : पोळ्याआधी बैलांच्या अंगावर गोचीड फार झाले होते. कपाशीवर मारायचं औषध पाण्यात टाकून अंगाला लावलं. बैल लाळ गाळायला लागला. शिंगांना ऑईल पेंट लावला होता, त्याने झालं असेल का?

पेंटने नव्हे, कपाशीच्या औषधाने. त्यांतली बरीच औषधं कातडीतून आत शिरतात आणि ब्रशने घासून आंघोळ घातलेल्या, उन्हात तापलेल्या कातडीतून तर लवकर शिरतात. लाळ, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या डोक्याएवढी झालेली बाहुली, अंगाला थरथर, पातळ शेण आणि धाप ही त्याची खूण. हातात प्लास्टिकचे मोजे घालून साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा. त्यावर कोणता गट लिहिला आहे ते पाहून उतारा ठरतो. बहुतेक वेळा ॲट्रोपिन लागतं आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. माणसाला जे पेलत नाही ते बैलाला पेलेल, असं धरून चालणं चूकच.

गोचिडाचं जनावरांसाठीचं औषध वेगळं मिळतं. ते लेबलवर दिलेल्या मापानेच पातळ करा. आणि नुसत्या बैलाला लावून भागत नाही. अंगावर दिसतात ते गोचीड थोडे. अंडी आणि पिल्लं कोठ्याच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांदीत असतात. भिंती आणि भेगा बुजवल्या, चुना मारला, तर पुढच्या वर्षी निम्मं काम हलकं होतं. फवारणीचा पंप मात्र शेतातला वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी.

आता पेंटबद्दल. ऑईल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि जोडीचे बैल एकमेकांना चाटतात. तो काढायला लोक थिनर किंवा पेट्रोल वापरतात, त्याने शिंगाच्या बुडाची कातडी भाजते. गेरू लावा. फिका दिसतो हे खरं, पण दोन पावसांत आपोआप जातो. शिंगं साळण्याला माझा पूर्ण विरोध आहे. शिंगाच्या आत जिवंत हाड असतं, त्यात रक्त खेळतं, आणि साळून साळून वरचं कवच पातळ होतं. शिंगाचा कर्करोग आपल्याकडच्या बैलांत दिसतो. सततचं घर्षण आणि कडक ऊन यांचा त्याच्याशी संबंध असावा असं मानलं जातं. बैल सारखी मान झटकत असेल, एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, एक शिंग कललेलं वाटत असेल, तर ते दाखवून घ्या.

नव्या वेसणीने नाक सोलवटलं असेल तर रोज पाहा. भाद्रपदात माश्या फार असतात, चार दिवसांत किडे पडतात. टर्पेंटाइनचा बोळा आत ठेवला की किडे वर येतात. ते चिमट्याने काढून मग मलम लावायचं, किडे आत ठेवून नाही.

एक पशुपालक, मलकापूर : दिवाळीत दुधाची गरज असते म्हणून बाजारातून गाय घ्यायची आहे. लम्पीचं अजून भय आहे का?

आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात राज्यातला लम्पीचा उद्रेक सुरू झाला आणि बघता बघता बुलढाण्यासह विदर्भभर पसरला. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड हा रोग पसरवतात. अंगावरच्या गाठींच्या खपल्यांत विषाणू महिनाभर टिकतो. माणसाला हा रोग होत नाही. विकणाऱ्याला लसीकरणाची नोंद आणि कानातला बिल्ला दाखवायला सांगा, आणि नवी गाय चार आठवडे वेगळी बांधा: वेगळी गव्हाण, वेगळी बादली, दूध शेवटी काढायचं. लस आज टोचली तर संरक्षण यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीसाठी घ्यायची गाय दसऱ्याच्या आधी घ्यावी. वसुबारसेला शेजारपाजारच्या गाई एकत्र आणून पुजण्यापेक्षा बायकांनी घरोघर जाऊन ओवाळावं, हे मी दरवर्षी सांगतो. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खुशाल चारा, त्या घासाने काही बिघडत नाही.

एक महिला पशुपालक, नांदुरा : लक्ष्मीपूजनापासून तीन-चार दिवस आमच्या म्हशी पान्हा सोडत नाहीत. दूध निम्म्यावर येतं. शेजारी म्हणतात इंजेक्शन मारा. मारू का?

मारू नका. तुमच्या म्हशीत दोष नाही, वेळेत आहे. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाने आणि भीतीने रक्तात चढणारं ॲड्रेनलिन नेमकं त्यालाच अडवतं. संध्याकाळी सहा-सात म्हणजे धारेची वेळ आणि तीच लडी लावायची वेळ. दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून संध्याकाळची धार रोज दहा-दहा मिनिटं अलीकडे आणा. एकदम तासाभराने बदललीत तर म्हैस त्यानेही बिथरेल. पूजेच्या दिवशी साडेचार-पाचला धार आटोपलेली असावी. धार काढणारा हात रोजचाच हवा. सुट्टीला आलेल्या भाच्यांना हौसेने धार काढायला याच दिवशी बसवू नका. कोठ्याच्या रस्त्याकडच्या बाजूला गोणपाटाचे दुहेरी पडदे टाकले तर आवाज आणि उजेड दोन्ही कमी होतात.

ते इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेलं ऑक्सिटोसिन. त्याची सवय लागली की म्हैस त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि दूध काढण्यासाठी ते असं टोचणं हा गुन्हाही आहे. उलट काळजी दुसरीच घ्या: कासेत दूध तुंबलं की काससुजी होते. त्या तीन-चार दिवसांत प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कपड्यावर घेऊन बघा. गुठळी किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. कास दगडासारखी होईपर्यंत थांबू नका.

इयत्ता सहावीतली विद्यार्थिनी, मेहकर : डॉक्टरकाका, आमच्या गल्लीतली मोठी मुलं कुत्र्याच्या शेपटीला लड बांधतात. मी ओरडले तर हसतात. मी काय करू?

बेटा, तू एकटी त्यांच्याशी भांडू नकोस. घरच्या मोठ्यांना सांग, शाळेत बाईंना सांग, आणि हे पत्र आणि उत्तर दाखव. मोठ्यांसाठी लिहितो: प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्रं पाळीव आहे की गल्लीतलं, याने फरक पडत नाही. मुलांच्या वडिलांनी हे दिवाळीआधीच त्यांच्या कानावर घातलं तर पोलिसांत जायची वेळ येणार नाही. कुत्रं भाजलं असेल तर भाजलेल्या जागी दहा-पंधरा मिनिटं साधं गार पाणी सोडायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही. आणि घाबरलेलं कुत्रं ओळखीचं असलं तरी चावतं, म्हणून ते काम मोठ्यांनी करायचं, तू नाही.

एक वाचक, खामगाव : आमचा कुत्रा फटाक्यांना फार भितो. गेल्या दिवाळीत माणसाची झोपेची अर्धी गोळी दिली होती. तरी तो थरथरत होता आणि शेवटी पलंगाखालून ओढून काढताना नातवाला चावला. यंदा डोस वाढवावा का?

डोस वाढवू नका, गोळीच सोडा. काही औषधं कुत्र्याचं अंग सुस्त करतात, भीती जशीच्या तशी राहते. त्याला पळता येत नाही एवढंच, आवाज सगळा ऐकू येतो. भीती कमी करणारी औषधं निराळी असतात. ती कुत्र्याचं वजन, वय आणि हृदय तपासून ठरतात आणि पहिला डोस लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी, शांत संध्याकाळी देऊन पाहायचा असतो. त्यासाठी दसऱ्यालाच डॉक्टरांकडे जा. माणसासाठीची दुखण्याची आणि तापाची औषधं तर बिलकूल नकोत. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.

माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. कुत्र्याला त्याच्या दुपटीच्या वरचाही येतो. फटाक्यांसाठी चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा नियमात आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. ती किती पाळली जाते हे खामगावकरांना मी सांगायला नको. तेव्हा घरात करण्यासारखंच करू. फिरवणं आणि शी-शू दिवस मावळायच्या आत, आणि साखळीनेच, कारण याच दिवसांत कुत्री बिथरून पळतात. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा. आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, जेवण लवकर द्या. त्याला बांधून ठेवू नका; बांधलेलं कुत्रं गळफास लावून घेतं. पलंगाखाली शिरला तर तीच त्याची सुरक्षित जागा. तिथून काढू नका. जवळ घेतल्याने, पाठीवरून हात फिरवल्याने भीती वाढते असं काही जण सांगतात, ते खरं नाही. तो स्वतः जवळ आला तर घ्या.

चाव्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे, मी तसं सोडणार नाही. नातवाची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का? सरकारी दवाखान्यात नेलं होतं का? घरचाच कुत्रा, लस दिलेला, म्हणून पुष्कळ जण थांबतात. लस टोचायची की नाही हे माणसांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्या दहा दिवसांची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर उपाय नाही. तुमच्या कुत्र्याची वार्षिक लस चुकली असेल तर या आठवड्यात द्या.

एक निवृत्त शिक्षक, बोथ्याजवळचं गाव : मुलगा पुण्याहून दिवाळीला येतो, सोबत त्याचा लॅब्राडोर. रेल्वेने आणावा की गाडीने? गावात काय जपावं?

रेल्वेने आणायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा कूपे पूर्ण आपल्या नावावर असावा लागतो, नाहीतर कुत्रा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत जातो. मी गाडीनेच आणायला सांगेन. निघण्याआधी चार-पाच तास पोटभर जेवण नको, दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी, आणि धाब्यावर जेवताना काचा लावून गाडीत ठेवायचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते आणि लॅब्राडोरच्या अंगावर दाट केस असतात.

गावात आल्यावर पहिलं भय फराळाचं. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात आणि किती दाण्यांनी जातील याचा भरवसा नाही. म्हणून एकही नको. चॉकलेट, आणि जितकं काळं तितकं वाईट. कांदा-लसूण रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेलासुद्धा. मधुमेह्यांसाठीच्या बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर तासाभरात कोसळते. चकली, शेव, करंजी विषारी नाहीत, पण तेलातुपाचा मारा एकदम झाला की स्वादुपिंड सुजतं आणि दिवाळी दवाखान्यात जाते. भाऊबीजेनंतर मटणाचा बेत असेल तर शिजलेली हाडं नकोत. ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. आजीचा हात थांबवणं अवघड असतं हे जाणतो. आजीच्या डब्यात कुत्र्याचंच खाणं भरून ठेवा, घास तिच्या हातचाच राहील.

दुसरं, गावातली कुत्री. पुण्याहून येणाऱ्याची सगळी लसमात्रा किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर आपल्याकडे मुक्कामालाच आहेत. गोचिडाचं औषधही निघण्याआधी. परत गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, खाणं बंद, नाकातून रक्त, अशी लक्षणं दिसली तर पुण्याच्या डॉक्टरांना ‘गावी जाऊन आलो’ हे आवर्जून सांगा, म्हणजे ते गोचीड तापाची तपासणी करतील.

तिसरं तुम्हाला सांगायला नको, पण मुलाला सांगा. बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि तुमचं गाव त्याच्या काठावर. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून चालत आलेला वाघ याच जंगलात मुक्कामाला होता, त्याची बातमी देशभर झाली. बिबट्याची मात्र बातमी होत नाही, तो कायमचाच आहे आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. अंधार पडल्यावर लॅब्राडोर घराच्या आत, दार लावून. अंगणात बांधलेला कुत्रा ही बिबट्याला दिलेली मेजवानी ठरते. पहाटे धुऱ्यावर फिरायला न्यायचं असेल तर उजाडल्यावर, आणि पट्टा हातात.

एक वाचक, शेगाव : आमच्याकडे पिंजऱ्यात राघू आहे, आठ वर्षांचा. फटाक्यांनी पंख आपटून रक्तबंबाळ होतो. काय उपाय?

आजचा उपाय: पिंजरा आतल्या खोलीत, जाड सुती कापडाने तीन बाजूंनी झाकलेला, दिवा मंद. खरा उपाय वेगळा आहे आणि तो तुम्हाला आवडणार नाही. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो; तो घरात पाळता येत नाही. आठ वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी गच्चीवरून सोडून देऊ नका, कावळे त्याला टिकू देणार नाहीत. वनविभागाच्या जवळच्या कार्यालयाशी बोला आणि त्यांच्याकडे सोपवा. लाडाचा आहे हे मान्य, पण हे टाळता येत नाही.

थोडक्यात काही. देऊळगाव राजाच्या वाचकाच्या मांजरीने तोरणाची जरीची दोरी गिळली आहे आणि टोक तोंडातून दिसतं. ते ओढू नका, आतडं चिरतं. तसंच दवाखान्यात न्या. लोणारच्या वाचकाने कोठ्यात पणत्या लावायच्या का, असं विचारलं आहे. लावू नका, बाहेर ओट्यावर लावा. कडब्याची गंजी आणि घरात भरलेला कापूस यांना एक भरकटलेला बाण पुरतो आणि दाव्याला बांधलेलं जनावर पळू शकत नाही. दिवाळीच्या चार रात्री जनावरं सुरगाठीने बांधा, पाण्याची टाकी भरलेली असू द्या आणि कोठ्याच्या दाराशी धारेचा विळा टांगून ठेवा. वेळ आलीच तर दावी सोडत बसायचं नाही, कापायची.

पुढच्या वेळी पत्र लिहिताना जनावराचं वय, अंदाजे वजन, शेवटची लस कधी दिली आणि लक्षण किती वाजता दिसलं हे जरूर लिहा. त्याशिवाय उत्तर अंदाजाने द्यावं लागतं. आणि जनावर आडवं झालं असेल तर पत्र लिहूच नका. १९६२ हा पशुसंवर्धनाचा मोफत क्रमांक आहे, तो फिरवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर दिवाळीआधीच कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.